अष्टमीच्या आरतीत वाजलेली थंडी

मला कॅन्सर झाल्याचं कळलं आणि नातेवाइकांनी माझ्याशी बोलायची पद्धत बदलली. आजारापेक्षा मला त्याचा त्रास जास्त झाला. जी माणसं आयुष्यभर माझ्या तोंडाला लागायला घाबरत होती, ती आता माझा हात हातात घेऊन बसायला लागली. मी नाशिकच्या एका शाळेत सायन्स शिकवून निवृत्त झालेली बाई. मुलांच्या हातातून मोबाइल, चिंचा आणि एकदा तर जिवंत सरडाही काढून घेतलेला, पण हात सोडायलाच तयार नसलेल्या मावससासूचं काय करायचं हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. येणारा प्रत्येक जण शहाळं आणायचा, अंगारा आणायचा आणि ‘आमच्या शेजारच्यांनाही हेच झालं होतं’ अशी एक गोष्ट आणायचा. गोष्ट रंगात आली की त्याला एकदम आठवायचं, हिचा शेवट इथे सांगण्यासारखा नाही. मग तो शहाळ्याकडे बघत बसायचा.

हा सगळा उरूस बंद पाडला तो सिस्टरने.

सिस्टरचं नेमकं काम काय हे कळायला मला वेळ लागला. ती वॉर्डात सुया टोचत फिरताना दिसायची नाही. केमो चालू असलेला पेशंट घरी असताना एकाएकी आजारी पडला, ताप आला, जुलाब थांबेनात, धाप लागली, तर त्याने फोन कुणाला करायचा? तर तिला. डॉक्टरांना नाही, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नाही, पुण्यातल्या भाच्याला नाही. ती फोनवर मोजके प्रश्न विचारायची आणि ठरवायची, की तुम्ही पेज पिऊन पडून राहायचं, की उद्या सकाळी यायचं, की आहात त्या कपड्यांत आत्ता निघायचं. निघा म्हणाली, की तुम्ही पोचायच्या आत ती कॅज्युअल्टीच्या दारात उभी असायची. मूळची सुरगाण्याकडची, अंगाने चिपाड, आणि आवाज मात्र आमच्या जुन्या हेडमास्तरांचा.

पहिल्या केमोच्या दिवशी तिने आम्हा नवरा-बायकोला समोर बसवून समजावलं होतं. हे औषध वाईट पेशींबरोबर चांगल्याही मारतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही दिवस तळाला जातात, आणि तेव्हा शरीराचं दार सताड उघडं असतं. त्या दिवसांत ताप आला तर तो साधा ताप समजायचा नाही. हुडहुडी भरली तर थर्मामीटरचीही वाट बघायची नाही. गोळी घ्यायची नाही, कारण गोळीने ताप झाकला जातो आणि जंतू आत पसरत राहतात. फोन करायचा आणि निघायचं. रक्तात जंतू भिनले की उशिराला माफी नसते, माणूस तासाभरात हाताबाहेर जाऊ शकतो. माझा नवरा बँकेत होता. त्याला कुठल्याही गोष्टीवर दोन सह्या लागतात. त्याने विचारलं, आधी आमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारलं तर चालेल का? सिस्टर म्हणाली, चालेल की, गाडीत बसून विचारा.

तिचं एक लाडकं गाऱ्हाणं होतं. आपल्याकडचे लोक ताप आला की आधी लपवतात, मग गोळी घेतात, मग दृष्ट काढतात, मग पाहुण्यांची पंगत उठवतात, आणि मग तिला फोन करतात. त्यातही ‘कसं वाटतंय’ विचारलं तर आधी ‘बरंय’ म्हणतात. मला ती पहिल्या भेटीतच आवडली. अज्ञानाविषयी इतक्या प्रेमळपणे चिडणारी माणसं हल्ली कमी राहिली आहेत.

तिने भेटायला येणारे बंद केले, फुलं बंद केली, कच्ची काकडी बंद केली आणि द्राक्षंही. नाशिकच्या माणसाला द्राक्षं बंद करणं म्हणजे काय ते नाशिकच्या माणसालाच कळेल. घरात मी तिचे नियम अशा उत्साहाने राबवले, की लोकांना वाटायला लागलं हे नियम मीच केलेत. माझ्या जावेला तर खात्रीच होती.

जाऊ म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. सगळे तिला अक्का म्हणतात, मीही म्हणते. दिंडोरीच्या पुढे, वणीच्या रस्त्यावर आमचं गाव आहे, तिथे घर आणि द्राक्षबाग ती दोघं सांभाळतात. लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हापासून अक्का मला ‘मास्तरीण’ म्हणते, आणि तो शब्द ती अशा सुरात म्हणते की त्यापेक्षा शिवी बरी. माझ्या भाकरीची जाडी, माझं नोकरीला जाणं, माझी एकुलती एक मुलगी, या तिन्ही विषयांवर तिची मतं ठाम होती. माझीही तिच्याविषयी होती. शाळेत मी मुलांना लिंबातून रक्त कसं काढतात हे रसायनं वापरून दाखवायची, आणि एका सुट्टीत गावी गेले तेव्हा अक्काच्या भगतालाही ते करून दाखवलं. भगत त्या वर्षापासून आमच्याकडे चहालाही थांबेना.

आमच्या घरचे घट गावी बसतात. कुलदेवता गडावरची, वणीची. नऊ दिवस अक्का अनवाणी असते, उपवास करते आणि अखंड दिव्याची राखण करते. घट उठेपर्यंत ती उंबरा ओलांडत नाही. तिची आई गेली तेव्हा नवरात्र होतं, तेव्हाही ती दसऱ्यालाच माहेरी पोचली. अष्टमीच्या आरतीला घरातल्या साऱ्या सुना हजर असाव्यात असा तिचा दंडक आहे. त्या वर्षी मात्र तिने स्वतः फोन करून सांगितलं, यंदा तू येऊ नको, तुझ्याच्यानं होणार नाय. तिने येऊ नको म्हटलं म्हणून मी गेले. दुसरं काहीही कारण नव्हतं.

सिस्टरला मी आधी विचारलं होतं. ती म्हणाली, पेशी तळाला आहेत, माझं ऐकाल तर जाऊ नका. जाणारच असाल तर मास्क लावून दाराशी बसा, जेवण घरून न्या, आणि घटाच्या जवळ जाऊ नका, त्या ओल्या मातीत बुरशी असते. हे शेवटचं वाक्य माझ्या नवऱ्याने भोळेपणाने गावी जसंच्या तसं सांगितलं. देवीच्या घटाला बुरशी म्हणणारी बाई कोण, असं अक्काने विचारलं, आणि तिथून पुढे सिस्टर तिच्या लेखी माझ्याच जातकुळीतली झाली.

अष्टमीच्या दुपारी आरती सुरू झाली तेव्हा देवघराबाहेरची खोली गच्च भरली होती. बाहेर आश्विनाचं ऊन रणरणत होतं. संबळ वाजत होता, धुपाने डोळे चुरचुरत होते, आणि मी दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत मास्क लावून, इन्स्पेक्शनला आल्यासारखी बसले होते. आरती निम्म्यावर आली आणि मला पाठीत गार वाटलं. आधी वाटलं पंख्याचा वारा असेल. पंखा बंद होता. मग ते गार खांद्यांत शिरलं, हातांत उतरलं, आणि बघता बघता मी खुर्चीसकट हलायला लागले. दात दातांवर आपटत होते. मान, खांदे, गुडघे, काहीही माझं ऐकत नव्हतं. डोक्यात मात्र लख्ख उजेड होता. मला अगदी स्वच्छ कळत होतं की रक्तात जंतू गेलेत, आता फोन आणि गाडी. मी ‘फोन’ म्हणायचा प्रयत्न केला. तोंडातून नुसता घर्रर्र आवाज निघाला.

नवरात्र, अष्टमी, आरती, संबळ, आणि घरातली सून थरथर कापतेय. याचा अर्थ काय हे त्या खोलीत लहान पोरालाही विचारावं लागलं नसतं. कुणीतरी म्हणालं, “आई आली.” संबळवाल्याने ठेका वाढवला. उदो उदो सुरू झालं.

मी, जिने भगताला लिंबू पिळून दाखवलं होतं, ती मी, देवीच्या वाऱ्याने घुमत होते. माझा मास्क काढला गेला. अंगात आलं की केस मोकळे सोडायचे असतात, म्हणून एका बाईने डोक्याचा रुमाल ओढला, तर खाली केसच नव्हते. ती क्षणभर बावरली, पण श्रद्धा अशी अडत नाही. त्यांनी माझ्या तुळतुळीत डोक्यावर कपाळापासून मागपर्यंत हळदीकुंकवाचा मळवट भरला. मी पर्सकडे बोट दाखवत होते, पर्समध्ये फोन होता. त्या बोटाच्या रोखात जी बाई उभी होती ती गहिवरून पुढे आली आणि माझ्या पाया पडून विचारती झाली, की पोरगा सातपूरच्या कंपनीत कायम होईल का. माझी मान हलत होती. ती डोळे पुसत मागे गेली. पुढच्याने विचारलं, छाटणी झालीय, आता पाऊस तर पडणार नाही ना. मी मान हलवली. हवामान खात्याने इतक्या खात्रीने कधी सांगितलं नसेल.

माझा नवरा ओसरीवर पुरुषांत बसला होता. गलबला ऐकून आत आला आणि मला बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याला कळलं होतं. तो म्हणाला, हिला दवाखान्यात न्यायला पाहिजे. बायकांनी त्याला अडवलं. आई आपणहून उतरेपर्यंत अंगाला हात लावायचा नसतो, लावला तर झाड, म्हणजे देवी आलेलं अंग, जाग्यावर राहतं, माणूस राहत नाही. त्याने वहिनीकडे, म्हणजे अक्काकडे पाहिलं. अक्का त्याच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. त्याने आयुष्यात अक्काचा शब्द मोडला नव्हता, तो तेव्हाही मोडला नाही. पण बाजूला सरकून त्याने सिस्टरला फोन लावला, एकाही सहीची वाट न बघता. त्यासाठी मी त्याचं पुढचं सगळं माफ केलं आहे.

तेवढ्यात अक्का पुढे आली. तिने पदर पसरला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. थोरली जाऊ धाकटीच्या पाया पडत नसते. ती देवीच्या पाया पडत होती हे मला कळत होतं, तरी माझे पाय मागे घ्यावेसे वाटले. ते माझं ऐकतील तर ना. अक्का वर बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

“आई, ही माझी जाऊ लय तोंडाळ हाय. पण मला दुसरी नाय. हिला ठेव. न्यायचंच असंल तं मला ने, माझं समदं झालंय.”

आणि माझी मान हलली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मी ती थांबवायचा जिवाच्या आकांताने प्रयत्न करत होते. अक्काने ते पाहिलं, डोळे मिटले आणि शांतपणे पदर सावरला. सौदा पक्का झाला होता.

नवऱ्याने फोनचा स्पीकर लावला होता, त्यामुळे पुढचं मीही ऐकलं. सिस्टरने विचारलं, थंडी वाजतेय का? तो म्हणाला, हो, पण सगळे म्हणतात अंगात आलंय. मागे संबळ चालूच होता. सुरगाण्याकडच्या पोरीला संबळ ओळखायला शिकवावा लागत नाही. मग ती म्हणाली, घरातल्या थोरल्या बाईंना फोन द्या.

“मावशी,” ती अक्काला म्हणाली, “आई आल्यात ना? मग आता त्यांना प्रश्न विचारू नका. त्यांना माझ्या दारी यायचंय. मी इथं ओटी मांडून ठेवते. त्यांना चालवू नका, उचलून गाडीत बसवा, आणि तुम्ही सोबत या. वाटेत कुठंही थांबायचं नाही.”

“घट सोडून?” अक्का म्हणाली.

“घट आईंचाच ना? आई तर गाडीत असणार.”

या तर्कात मी स्वतः चूक काढू शकले नाही, अक्का कुठून काढणार. तिने दिरांना दिव्याजवळ बसवलं आणि पापणी लवू देऊ नका असं बजावलं. दोन जणांनी मला खुर्चीसकट उचललं. मी पेशंट असते तर आधी चहा झाला असता, मग कुणीतरी गोळी दिली असती, मग जेवून निघा, पानं वाढलीत, असं झालं असतं. देवी असल्यामुळे गाडी अंगणात आली, दारं उघडली गेली आणि अक्का अनवाणी पायांनी उंबरा ओलांडून माझ्या शेजारी येऊन बसली.

रस्ता गडाकडे चालत निघालेल्या भाविकांनी भरला होता. ज्योत घेऊन पळणारी पोरं, भगवे झेंडे, डीजेचे टेम्पो. एरवी त्या गर्दीतून अॅम्ब्युलन्सही रांगत जाते. अक्काने काच खाली करून नुसतं “आई हाय गाडीत” म्हणायला सुरुवात केली. लोक आत डोकवायचे, माझं मळवट भरलेलं टक्कल आणि कडकड वाजणारे दात बघायचे, आणि हात जोडून बाजूला व्हायचे. सगळे गडाकडे चालले होते आणि आई उलट्या दिशेने नाशिककडे, हे कुणालाच खटकलं नाही. सिस्टर फोनवर होतीच. ती मधूनमधून मला माझं नाव विचारायची आणि मी उत्तरादाखल दात वाजवायची.

पोचलो तेव्हा ती दारात उभी होती. शेजारी ट्रेमध्ये सुया, रक्त घ्यायच्या बाटल्या आणि सलाइन तयार. अक्काने त्या ट्रेकडे बघून विचारलं, हीच का ओटी? सिस्टर म्हणाली, हीच. बोलता बोलता तिने शीर शोधली, रक्त घेतलं आणि अँटिबायोटिक सुरू केलं. माझा ताप तोवर चढला होता आणि रक्तदाब उतरला होता. अक्काला बाहेर थांबायला सांगितलं, पण ती पलंगाच्या पायथ्याशी खांबासारखी उभी. अनवाणी पायांना प्लास्टिकच्या पिशव्या घालायला मात्र ती तयार झाली, पिशवी म्हणजे चप्पल नव्हे असा निर्वाळा सिस्टरने दिल्यावर.

थंडी ओसरली, जीभ हलायला लागली, आणि सिस्टरने मला विचारलं, “मॅडम, थरथरत होतात तेव्हा शुद्ध होती का? आजूबाजूला कोण काय बोलतंय ते कळत होतं?”

हा काही गप्पांचा प्रश्न नव्हता. जंतू रक्तात गेले आणि डोक्यावर परिणाम झाला असेल तर उपचार वेगळे, देखरेख वेगळी, हे मला माहीत होतं. पण अक्का समोर उभी होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. अंगात आलेल्याला नंतर काही आठवत नाही असं आमच्याकडे मानतात. मी ‘हो, सगळं कळत होतं’ म्हटलं असतं, तर तिने पदर पसरून मागितलेलं देवीपर्यंत पोचलंच नाही, मधल्या मधे मास्तरणीने ऐकलं, असं झालं असतं. जन्मभर लोकांच्या चुका दुरुस्त केल्या मी. ही एक करवेना.

मी म्हणाले, “नाही. काही आठवत नाही.”

अक्काचा चेहरा सैलावला. सिस्टरचा घट्ट झाला. तिथून डॉक्टरांची रीघ लागली. एकाने डोळ्यांत बॅटरी मारली. एकाने विचारलं, आज वार कोणता, गाव कोणतं, पंतप्रधान कोण. एकाने शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं, तर मी थांबलेच नाही, दोनावर येऊन टेकले आणि पुढे ऋण संख्यांत जाऊ का असं विचारलं. तो गोंधळला. इतकं शाबूत डोकं असून दुपार आठवत नाही म्हणजे भानगड गंभीर असणार, असं ठरून दुसऱ्या दिवशी मेंदूचा स्कॅन करायचं बोलणं सुरू झालं.

सकाळी सिस्टर आली आणि पडदा ओढून स्टुलावर बसली. “मॅडम, तुम्हाला आठवतंय,” ती म्हणाली. “काल रात्री सलाइन बदलताना तुम्हीच मला ‘घट आईंचाच ना’ म्हणून दाखवलंत आणि हसलात. ते मी फोनवर बोलले होते, तुम्ही हलत होतात तेव्हा.”

मग मी तिला सगळं सांगितलं. ती चिडली, आणि रास्त चिडली. मी जे उत्तर देईन त्यावर ती औषध ठरवते, तिला देवीचं कळत नाही, तिला फक्त माझं ऐकून कळतं, आणि मीच खोटं बोलले तर तिने कुणाच्या पायावर डोकं ठेवायचं? मी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभं केलेल्या मुलासारखी पडून होते. स्कॅन रद्द करायला सांगते म्हणून ती उठली, पण गेली नाही.

“तुमच्या जाऊबाईंचं काय चाललंय ते माहीत आहे का?”

मला वाटलं अक्का बाहेर जप करत बसली असेल. सिस्टरने सांगितलं ते वेगळं होतं. अक्का कालपासून बाकावर बसून गावी फोन लावत होती. डाळीचा डबा कुठे, बियाणं कुठे, कुठली पैठणी कुठल्या भाचीला, दिरांना भाकरी चुरून लागते हे कुणी लक्षात ठेवायचं. उपवासाची भगरही खात नव्हती. शुगरच्या गोळ्या बंद केल्या होत्या, आता कशाला म्हणून. आणि पहाटे तिने सिस्टरला बाजूला घेऊन अगदी व्यवहाराने विचारलं होतं, “मला दुखत तं काईच नाय. मंग कसं व्हतं गं हे?”

“रात्री त्यांची शुगर बघितली, ती चढायला लागलीय,” सिस्टर म्हणाली. “मी दोनदा समजावलं. माझं नाही ऐकत. देवीचा कौल नर्सला मोडता येत नाही, मॅडम. तो तुम्ही दिलाय, तुम्हीच मोडा.”

ती गेली. सांगायचं तर होतंच, पण सोपं नव्हतं. कौल मोडला तर अक्का जगणार होती, पण मग ‘हिला ठेव’ हेही मोडत होतं. खरं सांगते, मला स्वतःलाच ते थोडं हवं होतं. इतक्या तपासण्या झाल्या, इतके कागद झाले, पण मी वाचणार असं छातीठोक कुणीच म्हणालं नव्हतं. म्हणाली होती ती एक अक्काची देवी, आणि तीही माझीच हललेली मान. कुणाला सांगायला लाज वाटेल इतकी मी त्या मानेला धरून बसले होते.

मी अक्काला आत बोलावून घेतलं. ती पायांतल्या पिशव्या फडफडवत आली आणि स्टुलावर टेकली. चेहरा उतरला होता, पण नजर शांत होती, मुलीचं लग्न लावून दिलेल्या बाईची असते तशी. मला ती शांतता बघवेना.

“अक्का, मला सगळं आठवतं.”

“समदं?”

“सातपूरच्या नोकरीपासून.”

अक्का अडाणी नाही. तिला पुढचं सांगावं लागलं नाही, ती स्वतःच तिथवर पोचली. हातातला पदर तिने दोनदा उलटा-सुलटा केला.

“मंग मान का हलवली?”

“थंडीने. दात हलत होते, हात हलत होते, तशीच मानही. हो म्हणून नाही हलवली. मी ती थांबवत होते, अक्का, थांबत नव्हती.”

सलाइनचे थेंब पडत होते. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा दिव्याजवळून उगाच उठवलं म्हणून मला बोलेल.

“म्हंजे मी तुह्या पाया पडले,” ती म्हणाली.

“पडलात.”

“गावासमोर.”

“हो.”

हे तिला मरणापेक्षा जड गेलं असावं. तिने तोंड फिरवून खिडकीकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, देवी नव्हतीच का तिथं? शाळेत असते तर या प्रश्नाचं उत्तर मी फळ्यावर आकृती काढून दिलं असतं. तिथे पडल्या पडल्या मी एवढंच म्हणाले, की मी होते, थंडी होती, अजून कोण होतं ते मला माहीत नाही. आणि मग जे विचारायचं नव्हतं ते तोंडून गेलं. ते मला ने म्हणालात ते खरं होतं का, असं मी विचारलं.

अक्का खरोखरच संतापली. कालपासून पहिल्यांदा तिच्या आवाजाला तिची नेहमीची धार आली.

“तुह्यासमोर बोलले असते तं खोटं बोलले असते, मास्तरीण. मी आईसमोर बोलत व्हते. तिच्याशी खोटं बोलून कुठं जाऊ?”

मी भिंतीकडे तोंड करून रडले. अक्काने मला हात लावला नाही, गप्प राहा असंही म्हणाली नाही. तिने पिशवीतून शुगरची गोळी काढली आणि माझ्या उशाशी ठेवलेलं माझं उष्टं पाणी, जे सिस्टरने कुणालाही शिवू देऊ नका म्हणून बजावलं होतं, त्याच पाण्याबरोबर ती गिळली.